पीएमडीचं सीपीडी: आठ महिने वापरल्यावर

आमचा बिलिंगचा जावा प्रोजेक्ट जुना, अनेक हातांतून गेलेला. एका ग्राहकाचं मूळ बिल आणि त्याची क्रेडिट नोट यांत एका पैशाचा फरक येत होता. खणत गेलो तर कर काढायचा तोच कोड दोन क्लासमध्ये. बिलाकडे राउंडिंग 'हाफ इव्हन'चं (बरोबर अर्धा आला की जवळच्या सम अंकाकडे) 'हाफ अप' (अर्धा आला की वर) केलेलं, क्रेडिट नोटकडे जुनंच. दुरुस्ती करणाऱ्याला दुसरी प्रत आहे हे ठाऊकच नव्हतं. त्याच आठवड्यात सीपीडी, म्हणजे कॉपी-पेस्ट झालेला कोड शोधणारं टूल, बसवलं.

हे पीएमडी या कोड तपासणाऱ्या टूलसोबत फुकट मिळतं. कोडचे टोकन (शब्द, चिन्हं असे सुटे तुकडे) पाडून जुळणाऱ्या साखळ्या शोधतं, म्हणून स्पेस किंवा कॉमेंट बदलल्या तरी फसत नाही. किमान किती टोकन जुळले की कळवायचं, ते आपण ठरवायचं. मी मेव्हन या बिल्ड टूलच्या प्लगइनचा डीफॉल्ट 100 तसाच ठेवला, आणि ज्या कोडसाठी एवढा खटाटोप केला तोच यादीत आला नाही! मधला राउंडिंगचा शब्द वेगळा. साखळी तिथेच तुटली आणि दोन्ही तुकडे शंभराच्या आत राहिले. 'इग्नोअर आयडेंटिफायर्स' (कोडमधल्या नावांतला फरक सोडून देणं) चालू केल्यावर लगेच सापडला. पण मग गेटर-सेटरचे (एकेक फील्ड वाचायच्या-भरायच्या छोट्या मेथडचे) ढीगही आले, कारण नावं काढली की ते सगळे सारखेच. आता बिल्ड अडवायला साधी तपासणी, आणि हा सैल रिपोर्ट महिन्यातून एकदा डोळ्यांखालून घालतो. डीटीओचं, म्हणजे नुसता डेटा वाहून नेणाऱ्या क्लासचं, पॅकेज वगळलंय.

एक चूक मनापासून सांगतो. खरेदी-परत आणि विक्री-परत यांचे नियम सारखे दिसले म्हणून मी एकत्र केले. महिन्याभरात विक्रीचे नियम बदलले, मेथडला तीन बूलियन (हो/नाही) पॅरामीटर चिकटले आणि शेवटी परत वेगळे करावे लागले. दोन्ही कोड एकाच कारणाने बदलणार असतील तरच जोडायचे, हे आता आधी विचारतो. बाकीच्यांवर सीपीडीला तो भाग सोडायला सांगणारी 'सीपीडी-ऑफ'ची कॉमेंट, सोबत कारण लिहूनच.

तेच काम एकाने फॉर लूपने आणि दुसऱ्याने स्ट्रीमने केलं असेल, तर हे टूल ओळखत नाही. तिथे रिव्ह्यूच लागतो.

परवा डेबिट नोटचं काम आलं. नव्या सहकाऱ्याने करआकारणीची अख्खी मेथड उचलून डकवली. बिल्ड पडला, रिपोर्टमध्ये दोन्ही फाइलींचे ओळ क्रमांक होते. तो स्वतःच येऊन म्हणाला, "ही मेथड कॉमन क्लासमध्ये हलवू का?"