आधी 'द वायर' की 'वी ओन धिस सिटी'?

दोन्ही मालिका एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या, दोन्ही अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या आणि दोन्हींमागे लेखक-निर्माता डेव्हिड सायमन. त्यामुळे "'द वायर'चे 60 भाग कोण बघत बसणार, 'वी ओन धिस सिटी'च्या 6 भागांत तेच उरकतं ना?" हा प्रश्न रास्तच आहे. उरकतं, पण अर्धंच, असं आपलं माझं मत.

'वी ओन धिस सिटी' (2022) खऱ्या प्रकरणावर बेतलेली आहे. बेकायदा बंदुका पकडायला नेमलेलं पोलिसांचं पथकच लोकांना लुटत होतं. 2017 मध्ये त्यांना अटक झाली. सार्जंट वेन जेन्किन्सच्या भूमिकेत जॉन बर्नथाल अक्षरशः सुटलाय. 2015 मध्ये पोलिसांच्या ताब्यात जखमी झालेला फ्रेडी ग्रे दगावला, शहर पेटलं आणि बरेच पोलीस हात राखून काम करू लागले. अशा वेळी बंदुका आणून देणारा माणूस वरिष्ठांना किती हवाहवासा वाटतो, हे फार नेमकं दाखवलंय.

मला नडलं ते काळाचं मागेपुढे. आत्ता 2017, मग एकदम 2003, मग मधलंच कुठलं तरी वर्ष. तारीख पोलिसी नोंदीच्या कागदावर उमटते. तेवढ्यात डोळे सबटायटलवर असले की गेली. जेन्किन्सचा चेहरा इतक्या वर्षांत बदलल्यासारखा वाटत नाही. "हा पकडला गेलाय की अजून नाही?" असं बायको विचारायची आणि मी रिमोट घेऊन मागे जायचो. शेवटपर्यंत हेच. कुणाला हा खेळ आवडतही असेल, पण दिवसभराचं काम आटपून बसल्यावर मला नाही झेपत.

'द वायर' (2002 ते 2008) ही पोलीस आणि अमली पदार्थ विकणाऱ्या टोळ्यांची गोष्ट सरळ पुढे चालते. फ्लॅशबॅक म्हणाल तर पहिल्या भागाच्या शेवटी एक, तोही वाहिनीच्या आग्रहाखातर. त्रास इथेही आहे: रस्त्यावरची बोली सबटायटलशिवाय डोक्यावरून जाते आणि सुरुवातीचे तीन-चार भाग सोसावे लागतात. नंतर मात्र गोदी, महापालिका, शाळा, वर्तमानपत्र असं एकेका सीझनला शहर उलगडत जातं. सहलेखक एड बर्न्स आधी बाल्टिमोर पोलिसात होते, मग शाळेत शिक्षक झाले. चौथ्या सीझनमधली पोरं म्हणूनच इतकी खरी वाटत असावीत. पोलिसातून शिक्षक झालेला प्रेझ शाळेत चाचणीच्या गुणांची तयारी बघतो आणि ओळखतो, की पोलीस ठाण्यात गुन्ह्यांचे आकडे फिरवायचे तोच हा प्रकार. हे पाहिल्यावर जेन्किन्सला डोक्यावर घेणारे साहेब मुद्दाम समजावून सांगावे लागत नाहीत.

एमी म्हणाल तर 'द वायर'ला एकही नाही, पण पुरस्कार बघून मालिका ठरवणाऱ्यांसाठी हे लिहीतही नाहीये.

हाताशी एकच शनिवार-रविवार असेल तर 'वी ओन धिस सिटी' बघा, वाईट नाही. सवड असेल तर 'द वायर' आधी. एक छोटं कारण अजून: तिथे थंड डोक्याने माणसं मारायला लावणारा मार्लो झालेला जेमी हेक्टर इथे डिटेक्टिव्ह शॉन सूटर होऊन येतो. उलट्या क्रमाने पाहिलंत तर तो धक्का हुकेल.