अ‍ॅसिटेट की नायलॉन? दोन्ही चष्मे बरेच महिने वापरल्यावर

एकाच नंबरचे दोन चष्मे गेले बरेच महिने आलटून-पालटून वापरतोय. एकाची फ्रेम सेल्युलोज अ‍ॅसिटेटची, दुसऱ्याची टीआर-९०, म्हणजे नायलॉनचीच एक जात. अ‍ॅसिटेट ‘नैसर्गिक’ म्हणून खपवतात, त्यात अर्धंच तथ्य आहे. सरकीवरचे आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा यातलं सेल्युलोज झाडाचं खरं, पण अ‍ॅसेटिक अनहायड्राइड या रसायनाची प्रक्रिया आणि वर लवचीकपणा आणणारं प्लॅस्टिसायझर, याशिवाय त्याची फ्रेम होत नाही. पूर्णपणे नैसर्गिक म्हणायचं तर शिंग किंवा कासवाचं कवच. जुन्या काही फ्रेमी त्याच्या असत. नायलॉनची रेणूसाखळी मात्र पहिल्यापासून कारखान्यातच जोडलेली. तसलं पहिलं नायलॉन १९३५ साली ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत, रसायनशास्त्रज्ञ कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं.

वजनातला फरक डोळ्यावर ठेवताच कळतो. पाण्याची घनता १ धरली तर अ‍ॅसिटेटची साधारण १.३, या नायलॉनची १ च्या आसपास. दिवसभर वाचायला बसलं की अ‍ॅसिटेट नाकावर जाणवते. नायलॉन घातल्याचं विसरायला होतं, आणि पळताना, घाम आलेला असताना तीच बरी.

पण बसवून घ्यायची वेळ आली की पारडं फिरतं. माझा एक कान किंचित वर आहे. चष्मेवाल्याने अ‍ॅसिटेटची काडी गरम हवेत धरली, ती मऊ पडल्यावर कानामागे वाकवली, गार होऊ दिली. झालं! अजून तशीच बसते. काडी अर्धपारदर्शक असल्यामुळे आत घातलेली धातूची तारही वाकलेली दिसते. नायलॉनची काडी कितीही वाकवा, सोडली की पूर्ववत. पडली-चेपली तर हाच गुण, मापात बसवायची म्हटलं तर हाच अवगुण.

रंगाचंही तसंच. अ‍ॅसिटेटमधले रंगाचे ठिपके फ्रेमच्या जाडीत आरपार असतात; ओरखडा आला तरी खाली तोच रंग, आणि पॉलिश केलं की चकाकी परत येते. माझ्या नायलॉन फ्रेमला वरून रंग दिलेला आहे, तो बिजागरीपाशी उडून खालचा धुरकट थर दिसू लागलाय.

अ‍ॅसिटेटची खोड म्हणजे नाकाला टेकते तिथे धरणारी पांढुरकी झाक. घाम, त्वचेचं तेल आणि आतून निघून जाणारं प्लॅस्टिसायझर यांचं हे काम. साबणाच्या कोमट पाण्याने थोडी जाते, बाकी पॉलिशने. उन्हात तापलेल्या गाडीत ती ठेवू नये, आकार बिघडतो. नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनपासून तर लांबच ठेवा, त्यात अ‍ॅसिटेट चक्क विरघळतं.

झाडापासून आलेली म्हणून फेकल्यावर पटकन कुजेल, या भरवशावर मात्र घेऊ नका. त्या रासायनिक प्रक्रियेत सेल्युलोजवर अ‍ॅसिटिल नावाचे अणूंचे गट जितके जास्त चढवलेले, तितकं जंतूंना ते पचवणं अवघड जातं, आणि बिजागऱ्या नि आतली तार धातूची असते ती वेगळीच. मी पुढची फ्रेम अ‍ॅसिटेटचीच घेणार, ती दुरुस्त होते म्हणून. नायलॉनची पळण्यापुरती राहील.