एक्स-३२, क्यूएल की एसक्यू: सोलो, मॉनिटरिंग आणि मीटर पाहून मिक्सर निवडताना

डिजिटल मिक्सर घ्यायचा म्हटलं की चर्चा रंगते ती चॅनल किती, इफेक्ट किती आणि स्टेजबॉक्स कोणता यावर. कार्यक्रम सुरू झाल्यावर मात्र ऑपरेटरचा हात सतत जातो सोलोच्या बटणावर, म्हणजे एखादा चॅनल हेडफोनवर वेगळा ऐकायच्या बटणावर, आणि नजर मीटरवर. बेहरिंजर एक्स-३२, यामाहा क्यूएल आणि ॲलन अँड हीथ एसक्यू या तिघांवर नेमक्या याच दोन गोष्टी वेगळ्या वागतात. इथली तुलना तेवढ्यापुरतीच आहे. आवाज कोणाचा गोड, हा वाद बाजूला ठेवू.

मीटरपासून सुरुवात करू, कारण एका कंपनीच्या मिक्सरवरून दुसऱ्यावर गेलेल्या ऑपरेटरची गफलत बहुतेक इथेच होते. एक्स-३२ आणि क्यूएलच्या मीटरवर शून्य सगळ्यात वर असतं. तिथे डिजिटल पातळी संपते आणि त्यापुढे आवाज फाटतो. एसक्यूच्या मीटरवर शून्य मध्येच आहे. ती कामाची नेहमीची पातळी, म्हणजे -१८ डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली), आणि तिच्यावर आणखी १८ डीबी जागा शिल्लक असते. गायकाचा आवाज सरासरी एक्स-३२वर -१८ला दिसत असेल, तर तेवढाच आवाज एसक्यूवर शून्याला दिसतो. एक्स-३२वरचा -६चा झटका, म्हणजे क्षणभराचं टोक, हा एसक्यूवरचा +१२.

क्यूएलची सवय असलेला माणूस एसक्यूवर शून्य पाहून दचकतो आणि गेन (इनपुटला आवाज किती वाढवायचा ते) १५-१८ डीबीने खाली ओढतो. मग हॉलमध्ये आवाज पुरत नाही, फेडर (पातळीच्या सरकपट्ट्या) टोकाला जातात, ॲम्प्लिफायर चढतो आणि शांत प्रसंगात स्पीकरमधून सूं-सूं असा आवाज ऐकू येतो. उलटी चूक जास्त महागात पडते. ॲनालॉग मिक्सरवर शून्याला टेकवायची सवय घेऊन एक्स-३२वर आलेला ऑपरेटर पहिल्याच तानेला लाल दिवा पेटवतो. २४ बिटच्या या यंत्रांवर गेन रेटण्याचं कारणच उरलेलं नाही. सरासरी -१८ डीबीएफएसच्या आसपास आणि झटके -६च्या खाली राहिले की झालं.

बाहेर जाणाऱ्या पातळीतही थोडा फरक आहे. क्यूएलवर -२० डीबीएफएसला +४ डीबीयू (बाहेर जाणाऱ्या विद्युत सिग्नलच्या पातळीचं एकक) मिळतात आणि कमाल +२४. एसक्यूवर मीटरच्या शून्याला +४ आणि कमाल +२२. एक्स-३२ची कमाल +२१. म्हणून मिक्सर बदलला की ॲम्प्लिफायरची किंवा प्रोसेसरची पातळी पुन्हा लावावी लागते. मागच्या कार्यक्रमाची खूण चालत नाही.

मीटर आवाजाच्या वाटेवर कुठे बसवला आहे, हेही पाहा. क्यूएलवर मीटर स्क्रीनवरून तो हाय-पासच्या (खालचे घुमणारे सूर कापणाऱ्या फिल्टरच्या) आधी, फेडरच्या आधी किंवा ऑन बटणानंतर घेता येतो आणि पीक होल्डही (टोक मीटरवर धरून ठेवणं) लावता येतो. गेन लावताना हाय-पासच्या आधीचा मीटर हवा, तोच खरं सांगतो. क्यूएलची आणखी एक जमेची बाजू म्हणजे सिग्माचा दिवा. चॅनलमध्ये कुठल्याही टप्प्यावर क्लिप झालं, म्हणजे पातळी मर्यादेबाहेर गेली, तर तो पेटतो. इनपुट -१२ला निवांत असतं, पण ईक्यूमध्ये (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणाऱ्या भागात) कोणीतरी ३ किलोहर्ट्झला १२ डीबी चढवलेले असतात. असा दोष हा दिवा पकडतो. एसक्यूचा पीक दिवाही अनेक टप्प्यांवर नजर ठेवतो. या बाबतीत एक्स-३२ थोडा मागे आहे. तिथे मीटरचं पान उघडून स्वतः बघावं लागतं. मात्र एक्स-३२च्या आत ४० बिट फ्लोटिंग पॉइंटचं गणित चालतं, त्यामुळे मेन बसची (सगळे चॅनल एकत्र येतात त्या वाटेची) पातळी फुगली तरी मेन फेडर खाली घेतला की आवाज पुन्हा सरळ होतो.

पेटीचा सूर मीटरवर ठाण मांडून बसतो. ढोलकीची थाप लखकन येते आणि जाते. जुना काट्याचा व्हीयू मीटर स्थिरावायला ३०० मिलिसेकंद घेत असे, त्यामुळे थापेचं खरं टोक त्याच्यावर कधी दिसलंच नाही. डिजिटल मीटर ते दाखवतो. म्हणून पेटी आणि ढोलकी मीटरवर सारख्या उंचीला आणली तर ढोलकी कानाला बारीक लागते. ही मीटरची चूक नाही, तो फक्त टोक मोजतो.

आता सोलो. बटणावर एक्स-३२ ‘सोलो’ लिहितो, यामाहा ‘क्यू’ आणि एसक्यू ‘पीएएफएल’. आतले पर्याय तेच: पीएफएल म्हणजे फेडरच्या आधीचं ऐकणं, एएफएल म्हणजे फेडर आणि पॅन (डावी-उजवी बाजू) यांच्या नंतरचं. दोन्हींत हॉलमधल्या आवाजाला धक्का लागत नाही.

इनपुटला पीएफएल ठेवा. चॅनल म्यूट असला तरी ते ऐकू येतं आणि नाटकात याचीच गरज असते. नट विंगेत उभा असताना त्याचा कॉलर माइक हेडफोनवर ऐकून घेता येतो: घामाने कॅप्सूल बसला आहे का, पदर घासतोय का, ट्रान्समीटर आधीच क्लिप होतोय का. ट्रान्समीटरवर गेन जास्त असेल तर मिक्सरचा मीटर -१५ दाखवत राहतो आणि आवाज मात्र फाटलेला असतो. तिथे मीटर काही सांगत नाही, कानच सांगतो. एएफएलवर हाच माइक म्यूट असताना मुका राहतो.

एक खोच लक्षात ठेवा. पीएफएल फेडरच्या आधी असलं तरी बहुधा गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) आणि कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारा) यांच्या नंतर असतं. गेटचा थ्रेशोल्ड, म्हणजे ती उघडण्याची पातळी, जास्त असेल तर हळू बोलणाऱ्याचा माइक हेडफोनवर मेल्यासारखा वाटतो. केबल बदलायला धावण्याआधी इनपुटचा मीटर बघा. तिथे हालचाल असेल तर गेट उघडा.

आउटपुटला, म्हणजे ऑक्स (चॅनलमधून घेतलेलं वेगळं मिश्रण) आणि मॅट्रिक्सला (तयार मिश्रणांतून बनवलेलं वेगळं आउटपुट), एएफएल ठेवा. वेजमध्ये (कलाकारासमोरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये) नक्की काय आणि किती जातंय ते तिथेच कळतं. मॉनिटरचं वेगळं मिक्सर सांभाळणाऱ्याला क्यूएल आवडतं त्याचं कारण इथे आहे. गायकाच्या वेजचा क्यू चालू ठेवून मध्येच तबल्याच्या इनपुटचा क्यू दाबला की तबला ऐकू येतो, आणि तो सोडला की वेज आपोआप परत येते.

तिघांवरही सोलो एका वेळी एक किंवा अनेक एकत्र असं ठेवता येतं. क्यूएलवर लास्ट क्यू किंवा मिक्स क्यू, एक्स-३२वर एक्सक्लूझिव्ह चालू-बंद, एसक्यूवर ॲडिटिव्ह चालू-बंद. प्रयोगाला एका वेळी एकच बरा. अनेक सोलो साचले की आपण नेमकं काय ऐकतोय ते कळत नाही आणि घाईत भलत्याच चॅनलचा ईक्यू फिरतो. कोरसचे चार माइक एकत्र ऐकायचे असतील तर त्यांचा डीसीए (एका फेडरवर चालणारा गट) करून त्याचा सोलो दाबावा. विसरलेले सोलो उतरवायला एक्स-३२वर ‘क्लिअर सोलो’चं वेगळं बटण आहे. क्यूएलवर ते काम स्क्रीनवर होतं. अंधाऱ्या हॉलमध्ये बटण सोपं, यात शंका नाही.

सोलो-इन-प्लेस हा तिसरा प्रकार जपून वापरा. यात निवडलेला चॅनल सोडून बाकी सगळे मेनमधून कापले जातात. यामाहाच्या जुन्या ०१व्ही९६वर ‘मिक्सडाउन सोलो’ हाच प्रकार होता. स्टुडिओत तो उपयोगी. जुनं मिक्सर प्रयोगासाठी भाड्याने आलं असेल तर तो ‘रेकॉर्डिंग सोलो’वर आहे ना, हे तिसऱ्या घंटेच्या बरंच आधी बघून घ्या.

मॉनिटर आउट, म्हणजे ऑपरेटरच्या स्वतःच्या ऐकण्याचं आउटपुट, हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ग्रीनरूमच्या स्पीकरला किंवा व्हिडिओ कॅमेऱ्याला फीड द्यायला जागा उरली नाही की कोणीतरी मॉनिटर आउटला केबल लावतो. मग ऑपरेटरने पीएफएल दाबला की रेकॉर्डिंगमध्ये गाणं गायब होतं आणि फक्त झांज उरते. क्यूएलवर क्यूचा हा शिरकाव बंद करता येतो, तरी खरा उपाय मॅट्रिक्स हाच. मॅट्रिक्समधून दिलेल्या फीडला सोलो शिवत नाही.

हेडफोन बंद पाठीचाच हवा: सोनी एमडीआर-७५०६, सेनहायझर एचडी २५ किंवा तसाच एखादा. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून हॉलचा आवाज आत येतो आणि सोलोला अर्थ राहत नाही. आवाज एका मीटरला सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो. मिक्सर रंगमंचापासून २० मीटरवर असेल तर हेडफोनमधला आवाज हॉलच्या सुमारे ५८ मिलिसेकंद आधी कानात पडतो आणि ताल दुहेरी वाटतो. सोलोला किंवा मॉनिटरला डिले (उशीर) द्यायची सोय असेल तर तेवढा द्या.

निवड अशी करावी. नाटक, निवेदन आणि कॉलर माइकचं काम जास्त असेल आणि ऑपरेटर बदलते असतील, तर क्यूएल. सिग्मा, मीटरची जागा निवडणं आणि क्यूची शिस्त या तिन्ही गोष्टी तिथे कामाला येतात. एकच ऑपरेटर, ऑर्केस्ट्रा आणि लग्नाचे कार्यक्रम असतील तर एसक्यू, पण त्याच्या मीटरचं शून्य अंगवळणी पडेपर्यंत वर पट्टी चिकटवून ‘० = -१८’ लिहून ठेवा. भाड्याच्या धंद्यात एक्स-३२ला मागणी असते. तो जवळपास प्रत्येकाला चालवता येतो आणि जोडीचा मिडास एम-३२ मिळाला तरी सोलो आणि मॉनिटरची पानं तशीच असल्यामुळे हात अडखळत नाही. जुना एक्स-३२ घेत असाल तर हेडफोनची दोन्ही भोकं आणि मॉनिटर लेव्हलचा नॉब हलवून बघा; वापराने हेच भाग आधी खरखरायला लागतात.