गच्चीवरच्या शनिवारसाठी कोणता: पॅरासाइट, ट्रँगल ऑफ सॅडनेस की द मेनू?

आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या इमारतीत महिन्यातून एका शनिवारी गच्चीवर प्रोजेक्टर लागतो. पांढरी चादर हा पडदा, स्पीकर तिसऱ्या मजल्यावरच्यांचा, आणि सिनेमा निवडायची पाळी यावेळी वहिनीची. "श्रीमंतांची टर उडवणारं काहीतरी सांग, पण उगाच रडवणारं नको," असा तिचा फोन आला. ग्रुपवर तीन नावं आली होती आणि तिन्ही मी पाहिलेले, त्यामुळे सुटका नव्हती. फोनवर अर्धवट सांगितलं ते इथे नीट लिहितो.

आधी जेवणाचं बोलू. शनिवारी गच्चीवर सावजी मटण ठरलेलं असतं. तेवढ्यावरूनच 'ट्रँगल ऑफ सॅडनेस' धोक्यात येतो. आलिशान याटवर कॅप्टनची मेजवानी चालू असते, बाहेर वादळ, ताटात कालवं न् ऑक्टोपस, आणि मग एकेक कोट्यधीश ओकायला लागतो. दोन मिनिटांत संपत नाही बाप्पा ते. संडास उलटे वाहायला लागेपर्यंत चालतं. तर्रीची वाटी हातात धरून हे बघणं माझ्याने तरी होणार नाही.

पण त्या ओकारीमागचं कारण मला फार आवडतं. एका धनाढ्य बाईला अचानक प्रेमाचा उमाळा येतो आणि ती हट्ट धरते की नोकरांनीही पोहून घ्यावं. नाही म्हणायची कुणाची टाप? गिऱ्हाइकाला नाही म्हणायचंच नाही, हीच तर नोकरी. सगळी याट, स्वयंपाकघरासकट, रांगेने पाण्यात उतरते आणि तेवढ्यात तिकडे मासळी खराब होते. मालकिणीच्या लहरीची किंमत स्वयंपाक्याने आधीच सांगितलेली असते, ऐकतं कोण?

स्वीडनच्या रुबेन ओस्टलुंडला या सिनेमासाठी २०२२ मध्ये पाम द'ओर, म्हणजे फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, मिळाला. त्याचा हा दुसरा, पहिला २०१७ मधला. लांबी १४७ मिनिटं, आणि ती जाणवते. सुरुवातीला एक मॉडेल जोडपं हॉटेलचं बिल कोणी द्यायचं यावर इतकं भांडतं की वैताग येतो. आपल्याकडे बिल मीच देणार म्हणून काउंटरवर झोंबाझोंबी होते, तिथे उलटं. शेवटचा बेटावरचा भाग मात्र अस्सल. जहाज बुडतं, वाचलेल्यांत संडास साफ करणारी अ‍ॅबिगेल असते, आणि मासे पकडणं, चूल पेटवणं फक्त तिलाच येतं. मग वाटणी तीच करणार, पहिला तुकडा स्वतःला. डॉली दे लिऑनने ही भूमिका अशी केली आहे की ती वाईट वागायला लागली तरी आपण तिच्याच बाजूने असतो.

'द मेनू' पटकन उरकतो. तोही २०२२ चाच, १०७ मिनिटांचा, म्हणजे तिघांत आटोपशीर. बेटावरचं रेस्टॉरंट, माणशी १२५० डॉलर, आणि पाहुण्यांवर सूड उगवणारा शेफ. भूमिकेत रेफ फाइन्स, त्याच्या एका टाळीने आपण दचकतो. पाव हे गरिबाचं अन्न, म्हणून तुम्हाला पाव मिळणार नाही, नुसती लावायची चटणी घ्या, हा प्रसंग आपल्याकडे भाकरीशिवाय झुणका वाढल्यासारखा आहे, मस्तच. पण हा सिनेमा बघणाऱ्याला सोपा सोडतो. ते पाहुणे इतके नालायक आहेत की त्यांच्यात आपण कुठेच दिसत नाही. हसलो, घाबरलो, घरी गेलो. रक्त आहे, बोट तुटतं, आत्महत्या आहे, तेव्हा पोरांना खाली पाठवावं लागेल. एक गंमत मात्र सांगतो: या दोन्ही सिनेमांत उंची जेवण नको असलेलं एक माणूस बर्गर मागतं.

आता 'पॅरासाइट'. बोंग जून-होचा, २०१९ चा, १३२ मिनिटांचा. कानचा पाम द'ओर, मग चार ऑस्कर, त्यांत सर्वोत्तम चित्रपटाचं. इंग्रजीबाहेरच्या सिनेमाला ते पहिल्यांदाच मिळालं. हे सगळं पोस्टरवर लिहिलेलं असतंच. वहिनीला मी सांगितलं ते पावसाचं.

अर्ध्या तळघरात राहणारं किम कुटुंब थापा मारत मारत एकेक करून पार्क नावाच्या श्रीमंत घरात कामाला लागतं. पहिला तासभर तुम्ही खदाखदा हसता. एके रात्री मुसळधार पाऊस पडतो. टेकडीवरच्या पार्कांच्या बंगल्यात बागेतला तंबूसुद्धा गळत नाही, आणि तेच पाणी जिने उतरत उतरत किमांच्या घरात छातीपर्यंत भरतं. त्या घरात संडासच सगळ्यात उंचावर आहे. पोरगी उसळणाऱ्या कमोडचं झाकण बसून दाबून धरते आणि छतात लपवलेली सिगरेट काढून शांतपणे ओढते. मला अख्ख्या सिनेमातलं हेच दृश्य आठवतं.

दुसऱ्या दिवशी पार्क बाई गाडीत मागे बसून फोनवर सांगते, पावसाने हवा किती छान स्वच्छ झाली. गाडी चालवतोय तो माणूस, ज्याचं घर रात्री बुडालं. मग ती नाकाशी बोट नेते आणि काच खाली करते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांबरोबर अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधल्या बंगल्यांतही पाणी शिरलं. आपल्याकडे पाण्याने सिनेमातल्यासारखा भेद केला नाही. चिखल काढताना मात्र तो दिसला. मी एका नातेवाइकांकडे मदतीला गेलो होतो. सोफे, फ्रिज, गाद्या बाहेर काढायला आलेल्या दोन बायांची स्वतःची घरं नदीकाठी होती, आणि त्या इथे आधी आल्या होत्या. मी तेव्हा त्यांना चहा दिला, एवढंच.

म्हणून वहिनीच्या "रडवणारं नको"चं उत्तर असं, की 'पॅरासाइट' रडवत नाही, अवघडवतो. घरी पाहिला तेव्हा वासाच्या प्रसंगाला आत्या पटकन म्हणाली, "येतोच ना बाई त्या लोकांना वास." कुणी हसलं नाही, कुणी टोकलंही नाही. मी रिमोट हातात घेऊन नुसता बसून राहिलो.

व्यवहाराचं एवढंच: भाषा कोरियन, म्हणजे सबटायटल वाचावे लागतील. चादर ताणून बांधा, नाहीतर खालची ओळ सुरकुतीत जाते. सोफ्यावरचा नवरा-बायकोचा एक प्रसंग आहे, तेवढ्यापुरतं कुणीतरी कोल्ड्रिंक आणायला उठेलच. शेवटी चाकू चालतो. जेवण आधी उरकलं तर उत्तम, कारण मध्ये मॅगीवर सावजी मटण घालावं तशी, इन्स्टंट नूडल्सवर महागडं बीफ घातलेली डिश येते आणि भूक लागते.

फक्त वडीलधारे, नात्यातले नि शेजारी असे मिसळून बसणार असाल आणि सगळ्यांना हसतच घरी पाठवायचं असेल, तर 'द मेनू' लावा, कुणाचं काही बिघडणार नाही. 'ट्रँगल' चारपाच मित्र, रिकामं पोट आणि रविवारची सुट्टी असेल तेव्हासाठी ठेवा.

मी वहिनीला 'पॅरासाइट'च सांगितलाय. सोबत एक काम दिलंय. गच्चीवर आम्ही सव्वीस खुर्च्या लावतो, येतात बावीस जण. तरी वॉचमनकाका आणि त्यांची बायको दर वेळी टाकीच्या पायरीवर बसतात. त्यांना आधीच जाऊन दुसऱ्या रांगेत बसवायचं, आणि आत्याच्या शेजारची खुर्ची मी धरणार.