शाळेच्या लॅबला काय घ्यावं: फोल्डस्कोप की नेहमीचा कंपाउंड मायक्रोस्कोप?

सरकारी हायस्कूलात वर्गात पन्नास पोरं आणि मायक्रोस्कोप एकच, तोही कपाटात कुलूपबंद, मग लाईन लावून प्रत्येकाला दहा सेकंद डोळा लावायला मिळतो आणि निम्म्यांना स्वतःच्या पापण्याच दिसतात.

फोल्डस्कोप म्हणजे घडी घालून बनवायचा कागदी मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश आणि जिम सायबुल्स्कींनी केलेला, २०१४ मध्ये त्यांनी सुट्या भागांचा खर्च १ डॉलरच्या आत दाखवला होता (विकत घेताना किंमत अर्थातच जास्त पडते). साधारण १४० पट मोठं दिसतं. कांद्याची साल, परागकण, डबक्यातले जीव मस्त दिसतात, मोबाईलला लोहचुंबकाने चिकटवला की सगळा गट एकदम बघू शकतो, खिशात टाकून ओढ्यावर न्या, पडला तरी टेन्शन नाही. पण फोकस करायला संयम लागतो, पोरं आधी वैतागतात.

कंपाउंड म्हणजे दोन भिंगांचा नेहमीचा मायक्रोस्कोप, त्यात १० च्या आयपीसला (डोळ्याकडचं भिंग) ४५ चं ऑब्जेक्टिव्ह (वस्तूकडचं भिंग) लावलं की ४५० पट. दह्यातले लॅक्टोबॅसिलाय (दही लावणारे जिवाणू) नीट बघायचे तर फोल्डस्कोप विसरा, हाच लागतो. आरसा असलेलाच घ्या, लाईट गेली तरी खिडकीच्या उजेडावर चालतो. कोकणात मात्र पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, डब्यात सिलिका जेल टाका.

माझं मत विचाराल तर एक बरा कंपाउंड सरांच्या टेबलावर आणि उरलेल्या पैशात चार-पाच पोरांमागे एक फोल्डस्कोप. नुसते कंपाउंडच घ्यायचे म्हटलं तर दोनातच बजेट संपतं आणि ते पुन्हा कपाटातच जातात.