आयएचआयपी : वाडीतल्या काविळीची खबर दिल्लीपर्यंत नेणारी प्रणाली

साथरोगांची नोंद ठेवणाऱ्या ‘आयएचआयपी’ या राष्ट्रीय संगणकीय प्रणालीवर मी प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी म्हणून रोज काम करतो. ती कोणत्या कसोटीवर जोखायची, हे माझ्या मनात पक्के आहे : वाडीत पहिला रुग्ण दिसल्यापासून कोणीतरी तिथल्या विहिरीपाशी जाऊन पोहोचेपर्यंत किती दिवस गेले?

ही कसोटी आपण फार महाग शिकलो. किल्लारीच्या भूकंपानंतर वर्ष होत आले असताना, ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले आणि पुढच्याच महिन्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडवला. लोक शहर सोडून पळाले, परदेशी विमान कंपन्यांनी उड्डाणे थांबवली, निर्यातीला फटका बसला. त्यानंतर देशात साथरोग सर्वेक्षणाची घडी बसवण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि 2004 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आला. त्याचे कागदी अर्ज ज्यांनी भरले आहेत, त्यांना एस, पी आणि एल ही अक्षरे वेगळी समजावून सांगायला नकोत. आरोग्य सेविका आणि सेवक लक्षणांवरून एस फॉर्म भरत, डॉक्टर संशयित निदानाचा पी भरत आणि प्रयोगशाळा खात्रीचा एल भरत असे. सोमवार ते रविवार अशी आठवड्याची बेरीज वर जाई. त्या बेरजेत ‘कावीळ 4’ एवढेच दिसे. हे चार जण एकाच नळावर पाणी भरतात की चार गावांतले आहेत, हे कागद सांगत नसे.

आयएचआयपीने नेमकी ही उणीव भरून काढली आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये 7 राज्यांत सुरू झालेली आणि एप्रिल 2021 मध्ये देशभर लागू झालेली ही प्रणाली प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद त्याच्या गावासह घेते. पूर्वी 18 रोगांवर लक्ष असे, आता 33 हून अधिक रोगांवर आहे, आणि नोंदीला आठवडा संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

याचा अर्थ मला एका पावसाळ्यात कळला. मंगळवारी दुपारी आमच्या आरोग्य सेविकेने एकाच वाडीतील काविळीच्या दोन संशयित रुग्णांची नोंद मोबाइलवर केली आणि ती मी ओपीडी संपवतानाच पाहिली. तासाभरात आम्ही वाडीत होतो. नळाच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासण्याच्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे) थेंब टाकले. पाणी पिवळे व्हायला हवे होते, पण ते जसेच्या तसे राहिले. म्हणजे पाण्यात क्लोरीनचा अंशही नव्हता. जलसुरक्षकाने (गावाच्या पाणीपुरवठ्याची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने) टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर नेमाने टाकली होती, मात्र पोत्याचे तोंड कित्येक दिवस उघडे राहिल्याने पावडरीतला क्लोरीन उडून गेला होता. पुढे गटारालगत फुटलेली जलवाहिनीही सापडली. कागदाच्या काळात आम्ही त्या नळापाशी पुढच्या आठवड्यात पोहोचलो असतो आणि तोवर सगळी वाडी तेच पाणी पीत राहिली असती.

त्याच वाडीतले तीन रुग्ण आठ दिवसांपूर्वीच तालुक्याच्या एका खासगी रुग्णालयात दाखल झाले होते, हे मात्र आम्हाला घरोघरी फिरताना नातेवाइकांकडून समजले. त्या रुग्णालयाने पी फॉर्म भरलेलाच नव्हता. माझ्या मते संपूर्ण सर्वेक्षणातील हे सर्वांत मोठे भगदाड आहे. आपल्याकडे ताप आला की माणूस आधी जवळच्या खासगी डॉक्टरकडे जातो, आणि त्यांची नोंद येत नसेल तर पडद्यावरचे चित्र अर्धेच राहते. प्रणाली कितीही वेगवान असली, तरी जे तिच्यात कोणी भरलेच नाही ते ती दाखवणार कुठून?

वरच्या टोकाला ही साखळी कुठे जोडली आहे, हे खाली काम करणाऱ्यांनी समजून घ्यायला हवे, कारण त्याने नोंदीची किंमत कळते. जून 2007 पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार, साथीसारख्या आरोग्यसंकटाचे मूल्यमापन झाल्यापासून 24 तासांत देशाने जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे असते. त्यासाठी चार प्रश्न विचारले जातात : परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित आहे का, ती सीमा ओलांडेल का, प्रवास आणि व्यापारावर निर्बंध येतील का? दोहोंचे उत्तर ‘होय’ आले की कळवणे बंधनकारक होते. आपल्याकडे ही जबाबदारी दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे आहे. जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला, तेव्हा तापाचे रुग्ण वाढल्यावर गावातून रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले होते. डेंग्यू-चिकनगुन्यासारख्याच दिसणाऱ्या त्या तापांकडे गावपातळीवर लक्ष गेले नसते, तर झिकाचे नाव पुढे आलेच नसते.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी चार देईन. एक गुण राखून ठेवतो तो परतीच्या माहितीसाठी. उद्रेकांचा साप्ताहिक अहवाल संकेतस्थळावर इंग्रजीत येतो. तो तालुकानिहाय, सोप्या मराठीत आरोग्य सेविकेच्या आणि जलसुरक्षकाच्या मोबाइलवर यायला हवा. शेजारच्या गावात गॅस्ट्रो आहे हे ज्याला आज कळेल, तो आजच पोत्याचे तोंड बांधेल आणि टाकीवर चढेल.