जुनं एअर हॉकी टेबल घेतलं, त्याला आठ महिने झाले

डिसेंबरात भोसरीजवळचा एक गेमिंग झोन बंद होत होता. तिथलं सात फुटी एअर हॉकी टेबल ३५,००० वरून घासाघीस करत २२,००० ला मिळालं. नवं व्यावसायिक टेबल आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. घरगुती म्हणून मिळणारी छोटी टेबलं मी दोन ठिकाणी खेळून पाहिली. त्यांच्या हवा सोडणाऱ्या पंख्यात दम नसतो, पक (ज्याने खेळतात ती चपटी चकती) टेबलाच्या मध्यावर जाऊन रेंगाळतो. म्हणून जुनं, पण गेमिंग झोनमध्ये वापरलेलंच घ्यायचं ठरवलं, आणि तो निर्णय बरोबर निघाला.

बघायला गेलो तेव्हा दिवे, स्कोअरबोर्ड, स्टिकर याकडे लक्षच दिलं नाही. गवंडीकामाची लांब अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सोबत नेली होती. ती टेबलावर उभी-आडवी-तिरकी ठेवून खालून मोबाईलचा उजेड मारला. एका कोपऱ्यात कागद सरकेल एवढी फट दिसली, बाकी सपाट. मग ब्लोअर (टेबलाखालचा हवेचा पंखा) लावून पक आठ-दहा ठिकाणी नुसता ठेवून पाहिला. तो सगळीकडून एकाच बाजूला सरकत असेल तर पाय वर-खाली करून भागतं. पण वेगवेगळ्या जागांवरून तो मध्याकडेच घरंगळायला लागला, तर पृष्ठभाग मधोमध खचलाय, असं टेबल फुकट दिलं तरी घेऊ नये. ब्लोअरवरची पाटीही वाचा. बाहेरून आलेल्या टेबलांत ११० व्होल्टची मोटर असू शकते, ती आपल्या २३० वर थेट लावली की जळाली.

नाशिकपर्यंत छोट्या हत्तीतून आणलं. पाय काढून, गोधड्या बांधून, आडव्या कडेवर उभं. झोपवून आणलं असतं तर वाटेत कोणीतरी त्यावर सामान ठेवलंच असतं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ब्लोअर नुसता घूं घूं करायला लागला, फिरेना. विकणाऱ्याने ‘सगळं ओके आहे’ म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे फार वाईट वाटलं. मोटर गेली असं वाटलं होतं, पण कपॅसिटर बसला होता. कपॅसिटरचे १८० रुपये, इलेक्ट्रिशियनचे २५०. टेम्पोचे ६,५००, हमालीचे १,०००, नवे पक आणि मॅलेट (पक मारायचे हातातले दांडे) १,४०० धरून टेबल एकूण ३१,३३० ला पडलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मे महिन्यात भाचा राहायला आला होता. त्याने कॅरमची पावडर आणून टेबलभर टाकली. आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला हेच सुचणार, त्याचा काय दोष! कॅरमला पावडर लागते कारण सोंगटी लाकडावर घासत जाते. इथे पक बारीक छिद्रांतून येणाऱ्या हवेवर तरंगतो आणि पावडर त्या छिद्रांतच जाऊन बसते. दोन दिवसांत डाव्या अर्ध्या भागात पक अडखळायला लागला. आधी व्हॅक्यूम क्लीनर फिरवला, मग दीड मिलिमीटरचं ड्रिल बिट बोटांत धरून एकेका छिद्रात फिरवलं. आई शेजारी बसून झालेल्या ओळींवर खडूची खूण करत होती. चार संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून पावडर, मेण, फर्निचर पॉलिश काहीही टेबलाजवळ येऊ देत नाही. कोरडं मऊ कापड, आणि डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. पकच्या कडेला खवला आला तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासतो, नाहीतर तोच पृष्ठभागावर ओरखडे काढतो.

पावसाळ्यात प्लास्टिकचं आवरण घातलं होतं. आत दमट वास यायला लागला म्हणून काढलं, आता जुनी सुती चादर असते. तरीही एका कडेचा पार्टिकल बोर्ड थोडा फुगलाय.

एका बाजूचा, गोल मोजणारा सेन्सर एका गोलाचे दोन मोजतो. दुरुस्त केला नाही, पाटीवर लिहितो. मुलांची भांडणं मात्र नियमांमुळे थांबली. स्पर्धांमध्ये सात गोलचा डाव असतो आणि पक आपल्या बाजूला आल्यावर सात सेकंदांत परत मारावा लागतो. पकच्या वर मॅलेट दाबून तो अडवणं फाउल. हे तिन्ही आम्ही पहिल्याच आठवड्यात लावले. माझी ६८ वर्षांची आई मॅलेट गोलला चिकटवून न ठेवता वीतभर पुढे ठेवते, आणि धाकट्याला तिच्याविरुद्ध गोल करणं खरंच अवघड जातं.

अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरला रोज तासभर खेळलं तरी महिन्याला साधारण ११ युनिट लागतात, बिलात जाणवत नाही. आवाज जाणवतो, मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरएवढा. आमची खोली तळमजल्यावर आहे, पायांखाली रबर आहे, तरी रात्री नऊनंतर बंद. वरच्या मजल्यावर फ्लॅट असेल तर पैसे देण्याआधी खालच्या घरी जाऊन बोला आणि लिफ्टची उंची मोजा.